आतून लागणारी कडी

१२ जानेवारी, रविवार

आज घर बघून आले. हे कोणाला सांगता येत नाही आणि मनात ठेवलं तर रात्रभर तेच घोळत राहील, म्हणून लिहिते.

काल दवाखान्यात मी म्हटलं, उद्या घर बघायला जाणार आहे. वनमाला सिस्टर म्हणाल्या, "घर, का पोरगा?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, घरच. मग त्या हसायच्या थांबल्या. "एकटीला घर कशाला गं? लग्न झालं की जाशील सोडून." मला लगेच उत्तर देता आलं नाही. बोलायच्या आधी मी मनातल्या मनात वाक्य तपासत बसते. लॅबमध्येही तसंच. एकेक नमुना दोनदा बघते, म्हणून माझ्या खिडकीपुढची रांग हलत नाही आणि माणसं खाकरतात.

उत्तर असं आहे. दिवाळीनंतर आई-बापू ऊसतोडीला निघाले. ट्रकमध्ये बैलं, गाडी, भांडी सगळं चढवून झाल्यावर आई म्हणाली, "सत्ये, तू घर केलंस ना, मी फडात जायची न्हाई बघ." ती हसत म्हणाली होती, पण म्हणाली होती. गावाकडं आमचं एक पत्र्याचं खोपट आहे. अर्धं वर्ष त्याला कुलूप असतं. पाडव्याच्या सुमारास ते दोघं परत येतील. तोवर इथं नेकनूरला, माझा दवाखाना आहे त्या गावी, घर झालं पाहिजे.

घर बंकटमामांनी दाखवलं. ते बाजारात बैलांची दलाली करतात आणि जमलं तर घरांचीही. "बैलाचे दात बघावे अन् घराच्या तुळया," म्हणत त्यांनी मधल्या खांबाला थाप मारली, पाठीवर मारावी तशी.

पुढं ओटा. आत तीन खणांची एकच लांब खोली, वर जुन्या पद्धतीचं मातीचं धाबं. लिंबाच्या तुळया, त्यांवर फाट्या, फाट्यांवर पांढरी माती. मागं पत्र्याचं स्वयंपाकघर. परसात न्हाणी. घरात गंगासागरकाकू एकट्या राहतात. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पदर घट्ट खोचलेला. त्यांचे यजमान बाजारात किराणा विकायचे, ते वारले. मुलगा योगीराज पुण्याकडं कारखान्यात आहे. तो आईला घेऊन जाणार आहे, म्हणून घर विकायचं.

भिंती हाताने चाचपल्या. कोरड्या. धाबं खालून कोरडं. पण जानेवारीत कुठलं घर ओलं असतं?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. भिंतींची मापं घ्यायची राहिली होती, म्हणून दवाखान्यातून परस्पर काकूंकडे गेले. त्यांनी तीळगूळ दिला, चहा दिला. मापं काढताना टेपचं दुसरं टोक त्यांनी धरलं. मला म्हणाल्या, "कावून मापतीस गं? घर काय रातीतून वाढतंय?"

तेवढ्यात त्यांना योगीराजचा फोन आला. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तो चांगलं बोलला. "ताई, मी त्याच घरात वाढलो. धाबं एक थेंब गळत न्हाई, लिहून देतो." मी काकूंकडे पाहिलं. त्या चुलीकडं तोंड करून दूध बघत होत्या. दूध अजून तापायचं होतं.

१९ जानेवारी, रविवार

आईचा फोन लागला. ते सध्या साताऱ्याकडं आहेत. मागून बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. मी घराचं सगळं सांगितलं: तुळया, ओटा, भिंतींची जाडी, नळ. ती "हं, हं" करत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "न्हाणी हाय का?"

हाय म्हटलं.

"दार हाय?"

"पत्र्याचं आहे."

"कडी आतून लागती का?"

मला आठवेना. बघून सांगते म्हटलं. इतक्या गोष्टी सांगितल्या आणि तिनं नेमकी न पाहिलेलीच विचारली, याचं वाईट वाटलं.

मग बापू फोनवर आले. "बैलं कुठं बांधायची?" मी म्हटलं, आता बैलं कशाला, आई काही पुढच्या साली येणार नाही. बापू हसले. "मंग मी एकटा अर्धा कोयता. मुकादम दारात तर उभा करील का मला?" आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बापू उगाच चेष्टा करतात. आईनं शब्द दिलाय, त्यांना माहीत नसेल.

२० जानेवारी, सोमवार

कडी पाहून आले. आतून लागते. जरा कुरकुरते.

२ फेब्रुवारी, रविवार

आज धाब्यावर चढले. काकूंनी खाली शिडी धरली आणि मी वर पोचेपर्यंत "सांभाळ गं, सांभाळ" चालू होतं. माझ्यासाठी असं शिडी धरून कोणी बऱ्याच दिवसांत उभं राहिलेलं नव्हतं.

उजेडासाठी धाब्याला एक साणं ठेवलेलं आहे. त्याच्या कडेला मातीचे थर दिसतात, चपातीच्या पदरांसारखे. दरसाल पावसाळ्याआधी नवी पांढरी माती टाकायची. जुनी कोणी काढत नाही, वर नवी चढते. म्हणजे जितकं जुनं घर तितकं डोक्यावरचं ओझं जास्त. हे लक्षात आल्यावर पाय हलके टाकत चालले, जसं काही माझ्याच वजनाने पडणार होतं.

खाली आल्यावर विचारलं, काकू, किल्लारीच्या भूकंपात या घराचं काय झालं?

"गणपती बुडवून मानसं निजली व्हती. पहाटंच भांडी वाजाया लागली. म्या म्हनलं मांजर हाय. हे उठले, योगीराजला उचललं अन् भायेर पळाले. घराला काय झालं न्हाई. पर तिकडं लातुरात धाब्यांखाली गावंच्या गावं गेली ना बाई. तवापासनं हे म्हनायचे, वरचं ओझं वाढवू नको."

"मग माती टाकलीच नाही?"

"टाकायचो की. टाकल्याबिगर ऱ्हातंय का?" असं म्हणून त्या ज्वारी निवडायला बसल्या. मीही निवडू लागले.

एक नोंद राहिली. वरून पाहताना मधल्या खणावरचा भाग जरा खोलगट वाटला. डोळ्यांचा भास असेल. पुन्हा बघावं लागेल. पुढच्या रविवारी जाईन.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा वर चढायचं राहूनच गेलं. बंकटमामा सौद्याला आले होते. ओट्यावर मांडी घालून बसले, खांद्यावरचं उपरणं काढून सवयीनं माझ्यापुढं पसरलं आणि हात त्याखाली घातला. बैलांचा भाव असाच होतो, उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून, म्हणजे बाकीच्यांना कळत नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं की समोर मी आहे. हात तसाच राहिला.

"बापूला बोलवून घे ना बाई."

"बापू फडात आहेत."

"भाऊ?"

"भाऊ नाही."

"मंग कोन तरी पुरुष मानूस?"

काकू आतून म्हणाल्या, "आरं बंकट, तोंड हाय ना तिला? तोंडानं सांगंल." मी तोंडानं भाव सांगितला. तो सगळ्या गल्लीने ऐकला. समोरच्या भामाबाई दारात उभ्याच होत्या.

जाताना मामा म्हणाले की विजयसिंह म्हणून एकाला ही जागा पाहिजे. तो घर पाडून दुकानांचे गाळे काढणार. त्याला धाब्याशी देणंघेणं नाही. शिवरात्रीपर्यंत मी हो-नाही सांगितलं नाही तर योगीराज त्याला देईल.

शिवरात्र जवळच आहे. मला अजून धाब्याची खात्री नाही. हे घर घेतलं आणि पावसाळ्यात आईच्या अंगावर गळलं तर? जन्मभर ती फडातल्या पाचटाच्या कोपीत निजली. माझ्या घरातही ओलंच अंथरूण असलं तर ती काही बोलणार नाही, हेच मला सहन होणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उपाय सुचला. धाब्यावर पाणी ओतून बघायचं.

वनमाला सिस्टरना सांगितलं. त्या मला हात लावून ताप आहे का ते बघू लागल्या. "आठ दिवसांनी नळ येतोय आन् तू धाब्याला पाणी पाजणार? लोक दगडं मारतील."

बरोबर आहे. पण दुसरा मार्ग दिसत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे माझं मलाच नीट कळेल.

काकूंना विचारायला मी फार कचरत होते. त्यांनी ऐकून घेतलं, घागर उचलली आणि म्हणाल्या, "माझं पानी, माझं धाबं. चल." परसातलं त्यांचं पिंप कालच भरलेलं होतं. त्या घागर भरून द्यायच्या, मी शिडीवरून न्यायचे. पहिली घागर ओतली तशी भामाबाई बाहेर आल्या.

"आगं गंगासागर, येड लागलं का? मानसाला प्यायला न्हाई अन् धाब्याला आंघोळ घालतीस?"

"घालती! लगीन हाय त्याचं!" काकू खालून म्हणाल्या.

भामाबाई काय बोलल्या ते लिहीत नाही. पण नंतर त्यांनीच त्यांच्या घरातून एक घागर आणून शिडीपाशी ठेवली आणि दार लावून घेतलं.

शेवटची घागर रिती करून मी खाली आले. खोलीत काकू माझ्या आधी गेल्या होत्या. मधल्या खणात, खांबापासून थोडं बाजूला, जमिनीवर पितळेचं एक पातेलं होतं. मला वाटलं, धुऊन तिथंच राहिलं. मी उचलायला वाकले.

"राहू दे," काकू म्हणाल्या.

आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मला आनंद होऊ लागला होता. मग वरच्या फाट्या काळ्या पडल्या, एक थेंब लोंबला, आणि पातेल्यात टण्ण वाजला. बरोबर मधोमध. दुसराही तिथंच. आजूबाजूची जमीन अजिबात ओली झाली नाही.

मी काकूंकडे पाहिलं. त्या पातेल्याकडे पाहत होत्या.

मी "येते" म्हटलं आणि निघून आले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. महिनाभर मी तिथं जातेय, चहा पितेय, ज्वारी निवडतेय, आणि त्या एकदाही बोलल्या नाहीत. मग आज पाणी का दिलं? मला वाटतं, त्यांना घर मला द्यायचंच नाही. तोंडानं नाही म्हणवत नसेल. आपल्या चुलीपाशी मी बसणं त्यांना पहिल्यापासून आवडलं नसेल. मी फार वेळा जात होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

कुठं गेले नाही. कपडे धुतले. दुपारनंतर काय करावं ते कळेना, म्हणून पुन्हा धुतले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. सुट्टी. सकाळीच बंकटमामा माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारात. हातात झाकलेला डबा. "गंगासागरकाकूनं भगर धाडलीय. म्हनली, उपासाचं एकटी काय करतीया कुनाला ठावं. अन् मला इचारलंय, सौद्याचं काय ते सांग. विजयसिंह वाट बघतोय."

मी उपास धरलेला नव्हता. पण भगर खाल्ली. मग रिकामा डबा परत द्यायला पाहिजे, म्हणून गेले.

काकू देवळातून नुकत्याच आल्या होत्या. मी उंबऱ्यातच उभी राहून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"म्या काय बोलले का?" त्या म्हणाल्या. "म्या नुस्तं पातेलं ठेवलं."

"पण योगीराजदादा तर म्हणाले एक थेंब गळत नाही. खोटं बोलले?"

"त्यो कशाला खोटं बोलतोय? त्यो भूकंपानंतर ह्याच मधल्या खणात निजायचा. लेकराच्या डोक्यावर ओझं नको म्हनून हेनी तितक्या खणावर माती पडूच दिली न्हाई. मंग गळायचंच की. पाऊस आला की म्या त्याला निजल्या निजल्या उचलून कडंला टाकायचे अन् पातेलं ठेवायचे. उजाडायच्या आत पुन्हा जाग्यावर निजवायचे. लई भ्यायचा त्यो. त्यानं थेंब बघितलाच न्हाई कधी." मग म्हणाल्या, "लेकाला खोटं पाडू का? अन् तुला फसवू का? तूच सांग."

मी डबा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. "राहू दे तुझ्याकडं. आणून दे मंग."

वाटेत बंकटमामांना गाठून सांगितलं, घर मी घेते. मामा म्हणाले, "गळकं?" म्हटलं, हो. ते म्हणाले, "महिनाभर दात मोजले अन् म्हातारा बैलच घेतलास बे." मग जीभ चावली. "बे" बाईमाणसाला म्हणत नाहीत. मला मात्र बरं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

बीडला खरेदीखत झालं. योगीराज आला होता. सरळ माणूस. मला पेढे दिले. आपल्या आईला म्हणाला, "आता कशाची काळजी न्हाई तुला. सातव्या मजल्यावर गळायचं कामच न्हाई." काकू हसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

१६ मार्च, रविवार

काकू गेल्या. टेम्पोत सगळं बसलं. देव त्यांनी मांडीवर घेतले. मी डबा द्यायला पुढं झाले तर तो टेम्पोच्या खिडकीतून परत माझ्या हातात दिला आणि गाल कुरवाळला. मी "नीट जा" म्हटलं.

आत आले तर मधल्या खणात पातेलं तसंच होतं. विसरलं म्हणून फोन केला. "विसरले न्हाई," त्या म्हणाल्या. "ते घराचं हाय."

खोली एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. मी तर मापून घेतली होती.

२५ मार्च, मंगळवार

आई-बापू आले. बैलं परसात लिंबाखाली बांधली. बापूंनी तुळया पाहिल्या, ओट्यावर बसून तंबाखू मळली आणि म्हणाले, "झ्याक हाय." आई दारातच चपला हातात घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, आई, बाहेर काढून ठेव, कोणी नेत नाही. ती आत आली, एकेका भिंतीला हात लावत मागच्या दाराने परसात गेली.

मी पाणी तापवून न्हाणीत ठेवलं. आई आत गेली. कडी कुरकुरली. मग बराच वेळ काही आवाज नाही. पाण्याचा नाही, तांब्याचा नाही. बापू ओट्यावरून दोनदा विचारून गेले, "झालं का तिचं?" मला वाटलं पाणी थंड झालं असेल, म्हणून आणखी एक बादली तापवून दाराशी ठेवली आणि हाक मारली.

आतून आई म्हणाली, "आसू दे. बसले हाय जरा."

उन्हं कलली तेव्हा बाहेर आली. डोळे लाल होते. साबण गेला असेल.

३० मार्च, रविवार

पाडवा. आईने गुढी उभारली. कडुलिंब, साखरेच्या गाठी, सगळं. वनमाला सिस्टर येऊन गेल्या. "सत्यशीला, आता तुझी आई हाय म्हटल्यावर आमी रोज जेवायला येऊ," म्हणाल्या. आई म्हणाली, "या की." मग बापूंकडे पाहिलं. बापू बैलांच्या पाण्याला उठले.

आई रोज दुपारी आंघोळ करते. फडात पहाटे अंधारातच, उघड्यावर उरकावी लागते, म्हणून ही सवय नवीन असेल. मी पाणी कमी पडू देत नाही.

६ एप्रिल, रविवार

मुकादम राधाकिशन आले होते. ओट्यावर चहा घेतला. मला म्हणाले, "घर केलंस म्हनं. शिकल्याचं सार्थक झालं." मग बापूंना म्हणाले, "पुढच्या साली किती कोयते धरू तुझ्याकडनं?"

मी बापूंच्या आधी बोलले. "आई येणार नाही."

मुकादम हसून बापूंकडे वळले. "अर्ध्या कोयत्याला कोन घेतंय?"

मी म्हटलं, मग बापूही इथंच राहतील. बापूंना राग आला नाही, हेच मला बघवेना. ते हळू म्हणाले, "हितं मी काय करू बाई? तुझ्या ओट्यावर बसून गल्ली मोजू? अन् ही बैलं?"

मी आईकडे पाहिलं. ती आतल्या बाजूला उंबऱ्यापाशी बसली होती. कपात चहा तसाच होता.

"एकच," ती म्हणाली. "एक कोयता धरा."

मुकादम गेल्यावर आईच म्हणाली, "घर लई चांगलं हाय, सत्ये. लई चांगलं." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. ओझं उतरवून ठेवावं तसा हात जड होता.

१३ एप्रिल, रविवार

ते दोघं आज गावाकडं गेले. तिकडं शेतात नांगरटीचं काम धरलंय. दसऱ्यानंतर परत फड. गाडीत बसताना आई म्हणाली, "न्हाणीची कडी कुरकुरती. तेल घाल. मी येईन तवा आवाज नको, सगळ्या गल्लीला कळतंय."

२७ एप्रिल, रविवार

काकूंचा फोन. त्यांच्या डोक्यावर दुसऱ्याचं घर आहे आणि दिवसभर कोणाचे तरी पाय वाजतात म्हणाल्या. "वर चढावं तर वर बी मानसंच." त्यांनी विचारलं, यंदा धाब्यावर माती टाकणार का? टाकणार म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मधल्या खणावर?

मी अजून ठरवलेलं नाही. तिथं आईनं अंथरूण टाकलं होतं. तुळया दोनदा तपासल्या आहेत, तिसऱ्यांदा तपासेन.

"पातेलं जाग्यावर हाय ना?"

"आहे."

"मंग असू दे," त्या म्हणाल्या. दोघींपैकी कोणीच फोन ठेवत नव्हतं. त्यांच्याकडचे पाय मलाही ऐकू आले.

४ मे, रविवार

आज न्हाणीच्या कडीला पुन्हा तेल घातलं. आत गेले, दार ओढलं, कडी लावली. आवाज झाला नाही. काढून परत लावून पाहिली. तरी नाही.

मग थोडा वेळ तिथंच बसून राहिले.